खाली उतरल्यावरची गिनती

कामोठे, पनवेल

प्रिय आभा,

फोनवर तू विचारलंस, 'सिव्हिल लाइफ कसं चाललंय?' आणि मी 'फर्स्ट क्लास' म्हणाले. फोनवर खोटं बोलणं सोपं जातं. लिहिताना माझं अक्षर बिघडतं, म्हणून लिहायला बसले.

फौज सोडून मी घरी आल्यावर सत्यजीतने हौसेने दारावर नवी पाटी लावली. दोघांची नावं, आणि वर 'मेजर'. मेजर कोण हे वाचणाऱ्यांनी आपापल्या समजुतीने ठरवलं. आता कुरिअरवाल्यापासून वॉचमन काशिरामपर्यंत सगळे माझ्या नवऱ्याला सलाम ठोकतात. फुगा फुटला तरी दचकणारा बँकेतला माणूस तो, पण हल्ली लिफ्टपर्यंत छाती काढून चालतो. हसू नकोस. तिकडे बेलापूरला एका मुलाखतीत मला विचारलं, घर आणि नोकरी दोन्ही कसं सांभाळाल? म्हटलं, आधीची नोकरी बर्फात होती आणि घर इथे. आता दोन्ही एकाच रिक्षाच्या अंतरावर आली तर सोयच की. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

नोकरीत पुढे राहायची संधी मी सोडली ती लेकीसाठी, मनस्वीसाठी. तेव्हा तूच म्हणाली होतीस, 'पंडितजी, वेडी आहेस.' (सैन्यात येण्याआधी संस्कृतात एम.ए. केल्याची शिक्षा तू अजून देतेस.) त्याच संस्कृतात एक भूतकाळ असतो, बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या घटनांसाठी राखून ठेवलेला. लेकीचं सगळं बालपण माझ्यासाठी त्या काळातलं. आता ती आठवीत आहे. ताप आला की आपसूक सासूबाईंच्या खोलीत जाते. वेणी त्याच घालतात. मी एकदा उत्साहाने म्हटलं, चल, तुझं संस्कृत घेते. ती अगदी सौम्यपणे म्हणाली, 'मम्मी, मला फ्रेंच आहे.'

गेल्या रविवारी सकाळी खालच्या मीटरच्या खोलीत आग लागली. जिना धुराने भरला आणि आमचे रहिवासी बाल्कनीतून व्हिडिओ काढत उभे. खरं सांगते आभा, वर्षभरात पहिल्यांदाच मला काय करायचं ते कळत होतं. दारं ठोकली, ओले टॉवेल तोंडाला बांधायला लावले, सगळ्यांना एका रांगेत खाली उतरवलं. सोसायटीचे अध्यक्ष महादेवकाका चष्मा राहिला म्हणून वर वळले, त्यांना दंड धरून ओढलं. आवारात आपल्या सवयीने गिनती घेतली. मी नाव पुकारायचं, त्याने 'हजर' म्हणायचं. लोक ओशाळं हसत 'हजर' म्हणत होते. मनस्वीचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं, मोठ्याने. नाही. आपल्या फौजेत उत्तर न येण्याचा अर्थ एकच असतो. मी परत आत शिरले.

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरापर्यंत रांगत गेले. पलंगाखाली, न्हाणीघरात, कपाटातसुद्धा चाचपलं. मागून सासूबाई ओरडत होत्या म्हणे, मला ऐकू आलं नाही. बंबवाल्यांनी मला बाहेर आणलं तेव्हा मनस्वी समोरच होती, तिची मैत्रीण समीक्षा हिच्या पाठीआड. सगळा वेळ तिथेच होती. हाक तिने ऐकली होती. 'तू सगळ्यांसमोर ओरडत होतीस, मला लाज वाटली,' एवढं म्हणाली आणि रडायला लागली. सासूबाईंच्या पदरात.

संध्याकाळी महादेवकाका आले. 'म्याडम, जीव वाचवलात, नाय म्हनत नाय. पन चारचौघांत दंड धरून वढायचं? आमी काय तुमची पलटन हाय?' सोसायटीच्या ग्रुपवर मी माफी मागितली. मजकूर मनस्वीनेच टाइप करून दिला. शुद्धलेखन छान आहे तिचं. आजवर मला ठाऊक नव्हतं.

परवा तिला सांगितलं, आभामावशीच्या गावाजवळ मुलींच्या निवासी शाळेला वसतिगृहप्रमुख हवी आहे, मी गेले तर? मला वाटलं, नको म्हणेल. वाटलं म्हणजे, आशा होती. ती उठून माझ्या गळ्यात पडली, लहानपणी माझी रजा संपायची तेव्हा पडायची तशी, घट्ट. वर्षभरात पहिल्यांदा. मग डोळे पुसून म्हणाली, 'कधी निघतेस? दिवाळीत येशील ना?' आणि कपाट उघडून माझ्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. जाणारी आई तिला नीट ओळखता येते, आभा. राहणारीचं काय करायचं असतं, ते तिला कुणी शिकवलंच नाही, आणि मलाही दाखवता आलं नाही. म्हणून हे पत्र. ती जागा भरली नसेल, तर माझं नाव सांग. कधी रुजू होणार विचारलं, तर म्हणावं, सामान लेकीने बांधून ठेवलंय.

तुझीच, जिथे बोलावशील तिथली,
चारुता