खुंटीवरचा बिल्ला

बाबा, नोकरी लागली. शहरातल्या बसगाड्या दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, तिथल्या टूल स्टोअरमध्ये. मतलब तुमचंच काम. पहिला आठवडा झाला, आज रविवार, खोलीत एकटा बसलोय. सिलेक्शनचा फोन आला तेव्हा मी पलासियाला रस्त्याच्या कडेला उभा होतो. फोन ठेवला आणि कोणाला सांगावं म्हणून नंबर खालीवर करत राहिलो. एकही असा सापडला नाही ज्याला आधी मी कोण, कुठे असतो हे सांगावं लागणार नाही. शेवटी समोरच्या पोहेवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बधाई हो भिया," आणि वर मूठभर शेव जास्तीची टाकली. इंदूरमध्ये याहून मोठा सत्कार कोणाचा होत नाही. पण पोहे अर्धेच गेले. तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्हाला हे सांगायचं तर त्याच्या आधीचं एक सांगावं लागतं, जे मी तुम्ही असताना सांगितलं नाही. सांगतो. जरा फिरून येईन, माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

आई गेल्यावर शाळा सुटली की मी सरळ पोलोग्राउंडला तुमच्या कारखान्यात यायचो. जाळीच्या खिडकीमागे तुम्ही, तुमच्या मागे भिंतभर लाकडी फळा, त्यावर ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक हत्यार. पाने, पक्कडी, कानशी. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराचे पितळेचे बिल्ले. ज्याला पाना हवा त्याने बिल्ला द्यायचा, तुम्ही पाना काढून त्याच खुंटीवर बिल्ला टांगायचा. पाना परत आला की बिल्ला परत. एका नजरेत कळायचं काय कुठे आहे. मी चौथीत असेन, सायकलची चेन बसवायला एक छोटी पक्कड उचलली आणि खिशातच विसरलो. संध्याकाळी भोंगा झाला, सगळे गेले, तुम्ही फळ्यासमोरून हलेनात. मी पक्कड काढून दिली. मारलं नाहीत. म्हणालात, "पक्कड नेलीस त्याचं काही नाही. खुंटी रिकामी ठेवलीस. आता मी कोणाकोणावर शक घेत बसू?" दुसऱ्या दिवशी पत्र्याचा एक गोल तुकडा कापून त्यावर ठोक्याने शून्य उमटवलंत आणि माझ्या हातात ठेवलात. कारखान्यात शून्य नंबरचा कोणी नव्हता, तो मी. तुम्ही स्वतःसुद्धा, चष्म्याचा स्क्रू आवळायला बारीक पेचकस घेतलात तरी तेवढ्या वेळापुरता आपला बिल्ला टांगायचात. स्टोअर तुमचं, चावी तुमची, बघायला कोणी नाही. मला हसू यायचं.

आता ते दुसरं. कुरियर कंपनीच्या त्या ऑफिसात माझा इंटरव्ह्यू होता, आठवतं ना. तुम्ही चार दिवस स्वयंपाकघरात माझी तयारी घेत होतात. पिठाच्या डब्यावर बसलेले तुम्ही साहेब, गॅसजवळ हात मागे घेऊन उभा मी उमेदवार. साहेब हिंदीतच विचारणार म्हणून तुम्ही हिंदी बोलायचात, तीही अशी कडक की कुकरची शिट्टी झाली तरी उठायचा नाहीत. तुम्ही स्वतः आयुष्यात एकही इंटरव्ह्यू दिलेला नव्हता. फोरमनने विचारलं होतं, कल से आएगा? तुम्ही हो म्हणालात, झालं. तर तुम्ही मला विचारलंत, बारहवीं का क्या हुआ. मी मित्राने शिकवलेलं बोललो, फॅमिली प्रॉब्लम. तुम्ही एकदम मराठीवर आलात. "कसला प्रॉब्लेम? फॅमिली तर मीच आहे." मग दोघंही हसलो, वरण लागलं तळाला. हसून झाल्यावर म्हणालात, "फेल झालो असं सांग. खुंटी रिकामी आहे तर रिकामी आहे म्हणायचं. पुढचं ते बघतील."

त्या दिवशी तुम्ही माझा शर्ट इस्त्री केलात, कॉलरला दोनदा. मी निघालो, पलासियापर्यंत पोचलो. तिथे सिग्नलला एक ओळखीचा टेम्पोत खुर्च्या भरून मांडूला चालला होता, कुठल्याशा लग्नाच्या मंडपासाठी. म्हणाला, चल, एक माणूस कमी आहे. बाबा, मी चढलो. विचारसुद्धा केला नाही. मांडूला तळ्याच्या काठी खुर्च्या उतरवल्या, तोच शर्ट घालून. त्या ऑफिसची पायरी मी चढलोच नाही.

आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं की गेलो होतो, बारावीचं विचारलं, खरं सांगितलं तर म्हणाले जाओ. इतकं खोटं कशाला बोललो मला आजही कळत नाही. नुसतं "नाही घेतलं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही ताट वाढलंत. जेवताना मध्येच म्हणालात, "माझंच चुकलं. माझ्या वेळचं आता चालत नाही, हे मला कळायला हवं होतं." मी खाली बघून भात कालवत राहिलो. त्यानंतर तुम्ही मला एकही गोष्ट शिकवली नाहीत. काही विचारलं तर म्हणायचात, तुला जास्त माहीत. मी घर सोडून गोव्याला निघालो तेव्हासुद्धा एवढंच, बघ तुला जमेल तसं. शेजाऱ्यांना वाटलं, बाप किती मोकळा आहे.

गोवा, मग नाशिककडे द्राक्षांचा एक सीझन, मग हिमाचलात ट्रेकिंगचा कॅम्प. तिथे फोन लागायचा नाही. तुम्ही गेलात हा शेजारच्या काकांचा निरोप मला दीड दिवसाने मिळाला, मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. घर झाडून ठेवलेलं, पिठाचा डबा अर्धा भरलेला. त्याचं काय करायचं ते कोणाला विचारायचं हेच समजेना. आठ दिवसांत मी परत कॅम्पला गेलो. तिथे तंबू, बूट, काठ्या द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि रोज काहीतरी हरवायचं. मग मी सरबताच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली, खिळ्याने नंबर पाडले आणि एका फळीवर खिळे ठोकले. मालकाला वाटलं मी फार हुशार आहे. मी कधी सांगितलं नाही की हे कोणाचं.

या वेळची तयारी इंदूरला परतल्यावर भाड्याच्या खोलीत आरशासमोर केली. बारहवीं का क्या हुआ, असं स्वतःलाच विचारायचो, आणि नेमका तेव्हा बाहेर कबुतर दिसायचं किंवा कोणाचा स्पीकर लागायचा. समोर डब्यावर कोणी बसलेलं नसलं की उत्तर पुरं होत नाही. खऱ्या इंटरव्ह्यूला दोघं होते, एक सर आणि एक पन्नाशीच्या मॅडम. बारावी विचारली, फेल म्हटलं. पाच वर्षांत सात नोकऱ्या का, विचारलं. मन लागत नाही म्हटलं, खरंच आहे. सरांनी कागद बाजूला ठेवला. मॅडमनी मात्र विचारलं की सर्वांत जास्त कुठे टिकलास, म्हणून मी कॅम्पचं सांगितलं, झाकणांचंही. त्या पुढे झुकल्या. "तो कितना सामान गुमा?"

"एक जोड़ी जूते, मॅडम."

"किसने लिए?"

मी खाली बघितलं. "पहने हुए हैं."

सरांनी चक्क टेबलाखाली वाकून पाहिलं. मॅडमनी विचारलं, मालिक को बताया था? मी म्हटलं, बसमध्ये बसल्यावर त्याच्या गावातल्या ऑफिसात फोन केला. आधी का नाही? आधी सांगितलं असतं तर दिले नसते. सर हसायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. विचारलं, ये टोकनवाला काम किससे सीखा? आणि बाबा, तिथे त्या दोन अनोळखी माणसांसमोर मी पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं. पोलोग्राउंड म्हटलं, शून्य नंबर सांगितला. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

म्हणजे तुमचं चुकलं नव्हतं. तुमचं शिकवलेलं चालतं, आजही चालतं. त्या दिवशी ते कोणी तपासलंच नव्हतं, कारण मी तिथे गेलोच नव्हतो. तुम्ही मात्र शक घेतलात तो स्वतःवरच, आणि मी घेऊ दिला.

स्टोअरमध्ये आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण एक फळा मी मागून घेतला. सोमवारपासून बिल्ले सुरू होतील. तुमचा पत्र्याचा शून्य माझ्याकडे नाही, कुठल्या गावी हरवला तेही आठवत नाही, म्हणून माझ्यासाठी नवा कापलाय. हे पत्र कुठे टाकणार, घराला आता दुसऱ्यांचं कुलूप आहे, आणि तुम्ही तिथे असता तरी कदाचित टाकलं नसतं. वहीतच राहील.

आणि हे पेन स्टोअरचं आहे. काल खिशात तसंच आलं. त्याच्या जागी मी काही ठेवून आलेलो नाही.