मंगोलियाचा रविवार

भोर, रविवार, दिवेलागण

मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

दर रविवारी आम्ही घरबसल्या एक देश बघतो. आज मंगोलिया होता. बायकोने, सुनीताने, तिथल्यासारखा मीठ घातलेला दुधाचा चहा केला. मोबाईलवर मेंढपाळांचे तंबू, कळप. आमची सई हरखून गेली. "किती भारी जगतात ना बाबा हे लोक!"

माझे वडीलही खूश झाले. आबांनी सारा जन्म हिर्डोशीकडच्या डोंगरात मेंढरं राखली. म्हणाले, "आमी बी आसंच हिंडायचो, पोरी. तुज्या शाळंत येऊन सांगू का समद्यास्नी?"

"नको आबा!" सई ओरडलीच. मग रडत म्हणाली, "आधीच वर्गातली मुलं मला बघून बें बें करतात."

बें बें. कधीपासून चाललंय हे? रोज डबा भरतो, अभ्यास विचारतो, आणि हे आम्हाला ठाऊकच नाही? सुनीताने तिला पोटाशी धरलं. मी म्हणालो, "उद्या मी शाळेत येतो. बाईंशी बोलतो."

"म्या बी येतो की," आबा म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं पागोटं आलं, खांद्यावरचं घोंगडं, समोर ती मुलं, आणि तेच बें बें. तोंडून लगेच 'चला' निघायला हवं होतं. निघालं नाही. आबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे. तूच जा."

सकाळी मीच त्यांना 'चला' म्हणणार आहे. पण आता येतील का ते?