जनरेटर येईपर्यंत

४ मार्च, मंगळवार

आज परत वीज गेली. भर दुपारी! ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन तासच झाला होता. सेंटरची चारही मशिनं एकदम कोकलायला लागली. बॅटऱ्या केव्हाच मेल्यात. मशीन थांबलं की रक्त नळ्यांतच अडकतं, मग कुणीतरी पंपाचं हँडल हातानं फिरवत राहायचं — वीज येईपर्यंत. बाकीच्या तिघांकडे टेक्निशियन, आया, एकाचा भाऊ. ह्यांच्याकडे कोण? अर्थात सिस्टर!

आणि हे हसत होते. तिच्याशी काहीतरी बोलत, चांगले दात काढून! घरी माझ्याशी दोन शब्द बोलायचं म्हटलं तर अंगात त्राण नसतं. मी काचेच्या अलीकडे, माझ्या ऑफिसच्या दारात, फाइल छातीशी धरून उभी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

लिहूनच टाकते. जळते मी तिच्यावर.

मलाही शिकवलं होतं हँडल फिरवायला. दोन फेरे झाले, नळीतलं लाल पुढे सरकताना दिसलं आणि मला घेरी आली. सिस्टरनं एका हातानं मला स्टुलावर टेकवलं आणि दुसऱ्या हातानं हँडल चालूच! तेव्हापासून मी काचेच्या अलीकडे.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टर एकदाचे जनरेटरला तयार झाले. "बाई, तुम्ही मॅनेजर, तुम्हीच बघा सगळं," म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. त्यांना वाटलं, काय ही पेशंटबद्दलची तळमळ!

जनरेटर आला की हँडल नको. हँडल नको की तीही नको.

८ मार्च, शनिवार

जनरेटरवाला टेप घेऊन आला. जागा दोनच — गेटजवळ, नाहीतर मागच्या भिंतीशी. मागच्या भिंतीशी बाकडं आहे. सिस्टर दुपारी तिथे सावलीत बसून डबा खाते.

मी म्हटलं, मागेच.

"ताई, तिथे वॉर्डची खिडकी आहे. धूर सगळा आत येईल. गेटजवळ घ्या, माझं ऐका."

"धुराचा पाइप वर न्या."

"पार छपराच्या वर न्यावा लागेल. खर्च वाढतोय उगाच."

"वाढू दे."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मुकाट्यानं टेप लावली. "हे बाकडं हलवावं लागेल हं."

"हलवा की!" हे म्हणताना किती बरं वाटलं! स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण थोडीच.

११ मार्च, मंगळवार

रात्री जेवताना हे म्हणाले, "सिस्टर म्हणत होती, पाण्याचा प्लांटही जनरेटरवर घ्यायला हवा. नुसती मशिनं चालून काय उपयोग? शुद्ध पाणीच आलं नाही तर!"

मी दिलेल्या यादीत मशिनं होती, दिवे होते, औषधांचा फ्रिज होता, माझ्या ऑफिसचा एसीसुद्धा होता! पाणीच नव्हतं. रोज त्या प्लांटच्या बाजूनं जाते मी.

तिचं बरोबर आहे, हेच तर दुखणं. पण मला का नाही सांगितलं? माझ्या जनरेटरची चर्चा माझ्याच नवऱ्याशी?

"तुला सांगायला घाबरते गं ती," म्हणाले.

घाबरते! मी काय खाते तिला?

१२ मार्च

जनरेटरवाल्याला फोन केला. प्लांट घ्या, एसी काढा. "बरं आठवलं ताई तुम्हाला," म्हणाला.

२० मार्च, गुरुवार

चौथरा ओतला. बाकडं उचलून गेटजवळ टाकलं, भर उन्हात. सिस्टर डबा घेऊन आली आणि बघत उभी राहिली. आता तोंड पडेल, आता काहीतरी बोलेल — माझं उत्तर चार दिवसांपासून तयार होतं.

"बरं झालं मॅडम, काम सुरू झालं. लवकर लावा म्हणजे झालं."

आणि पायरीवर उभ्याउभ्याच डबा खाऊन गेली. माझं उत्तर गेलं फुकट!

२५ मार्च, मंगळवार

पुन्हा वीज गेली. पुन्हा हँडल. पुन्हा ते हसणं. आज तर हसता हसता ह्यांनी काचेकडे बघून मला हात केला. तिला म्हणत असतील, ती बघा आमची मॅनेजर, कशी खांबासारखी उभी आहे! मी पाठ फिरवली.

२८ मार्च, शुक्रवार

जनरेटर आला. क्रेननं उतरवला. हिरवा, माझ्या स्वयंपाकघराएवढा! जनरेटरवाल्यानं सगळं समजावलं. वीज गेली की हा आपोआप सुरू होतो. मधले काही क्षण मात्र मशिनं बंदच राहणार. तेवढ्यानं बिघडत नाही, हँडलला हात लावायलाच नको, म्हणाला.

मी त्याला चहा पाजला. दोनदा.

१ एप्रिल, मंगळवार

चाचणी झाली. मुद्दाम मेन स्विच पाडला. जनरेटर खाकरला, धडधडला, मशिनं परत चालू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात सिस्टरनं.

नंतर ती ऑफिसात आली. "मॅडम, शनिवारी माझा शेवटचा दिवस."

तिच्या आईच्या घराजवळ मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे. आज नाही, जानेवारीपासून! ते बोलावत होते, ही जात नव्हती.

"आपल्या डॉक्टरांना म्हटलं होतं, जनरेटर लागेपर्यंत थांबते. मी गेले आणि वीज गेली तर, असंच यायचं मनात."

म्हणजे माझ्याइतकीच तीही जनरेटरची वाट बघत होती. मी म्हटलं, "बस ना." ती म्हणाली, "पेशंट आहेत."

जाताजाताही मोठेपणा तिनंच नेला. आता तिच्यावर चिडताही येत नाही, याचाच राग येतोय.

५ एप्रिल, शनिवार

सिस्टर गेली. रात्री हे नीट जेवले नाहीत. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. अजूनही जळतेच आहे. आता कुणावर, कोण जाणे.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंतचे ते क्षण. नवी सिस्टर पलीकडच्या पेशंटजवळ होती, ह्यांच्यापाशी कुणीच नव्हतं. मी काचेतून बघितलं. थांबलेल्या नळीवर डोळे लावून ह्यांनी मोकळ्या हातानं खाटेची दांडी आवळून धरली होती. चेहरा पांढराफटक. इतकं घाबरलेलं मी ह्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी काचेकडे पाहिलं. मी दिसले.

आणि हे हसले! दात काढून, अगदी तसेच. हातसुद्धा केला.

सिस्टर नव्हती. तरी तेच हसणं! म्हणजे इतके दिवस ते माझ्यासाठी होतं — मी घाबरू नये म्हणून.

मशीन परत चालू झालं होतं. तरी मी दार ढकलून आत गेले.