जिलेबीच्या चौकटीत सासुरवाडी

जुनी सांगवी,
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय साडूभाऊ ज्योतीराम यांना,

सांगवीहून उद्धवचा, गुडघा सांभाळून जमेल तेवढा वाकून केलेला नमस्कार. अक्कांना वेगळा नमस्कार, आणि तो कृपा करून पोचवावा. मागच्या वेळी पोचला नाही असं अक्कांनी सुमनला सांगितलं आणि सुमनने मला दोनदा सांगितलं. तुमची दाढ काढली का? काढली असेल तर त्या बाजूने चावू नका, आणि नसेल काढली तर डॉक्टर बदला. आम्ही सगळे इथे खुशाल. माझा गुडघा जिना उतरतानाच दुखतो, चढताना नाही. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. (चढलेल्या माणसाला घरी परत यायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.)

फोन सोडून पत्र लिहायचं कारण असं की तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि आपण दोघं बोलत असताना मागून अक्का दुरुस्त्या सुचवतात. विषय नाजूक आहे. तो तुमच्या-माझ्या सासुरवाडीचा आहे आणि तो एका जावयानं दुसऱ्या जावयालाच सांगावा असा आहे. मी टाकळढवची इंटरनेटवर बदनामी केली आणि गणराजच्या समर्थचं लग्न मोडत होतं, अशी बातमी लातूरपर्यंत पोचल्याचं कळलं. बातमी खोटी नाही, पण तिला मागचं-पुढचं काही नाही. ते मी सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, निघोज्याच्या कंपनीतून, म्हणजे स्टोअर्समधून, निवृत्त झाल्यापासून मी सुमनच्या केटरिंगमध्ये लक्ष घालतो. (सुमनच्या मते लुडबुड करतो.) वास्तुशांती, डोहाळजेवण, सत्यनारायण अशा ऑर्डरी आम्ही घेतो. पूर्वी लोक फोन करून विचारायचे, पन्नास माणसांना मसालेभात किती लागेल? आता मोबाइलला विचारतात. आणि मोबाइल उत्तर द्यायचा ते मोशीकडच्या एका केटररचं! सगळ्यात वर, ठळक चौकटीत, त्याचं उत्तर आणि खाली त्याचं नाव. आमची दिव्या हिंजवडीला वेबसाइटचा मजकूर लिहायची नोकरी करते. (ती नेमकं काय करते ते मला या प्रकरणात प्रथमच कळलं.) ती म्हणाली, "बाबा, पहिला नंबर वगैरे विसरा. पहिल्याच्याही वर जी चौकट असते ना, ती आपल्याला हवी. तिला शून्य नंबर म्हणतात." मी तीस वर्षं स्टोअर्समध्ये काढली. तिथे शून्य म्हणजे माल संपला. पण पोरगी एवढ्या तळमळीने सांगत होती की मी मान डोलावली.

त्या चौकटीत शिरायचे नियम ऐका. लोक जसा प्रश्न विचारतात तस्साच तो मथळ्याला घालायचा. त्याच्या लगेच खाली उत्तर. ते चाळीस-पन्नास शब्दांत, सरळ, आढेवेढे न घेता. परिमाणं असतील तर तक्ता, कृती असेल तर पायरीपायरीने. काय सांगायचंय ते आधी आणि कुठून सुचलं ते नंतर, किंवा नाहीच सांगितलं तर उत्तम. ज्योतीरामभाऊ, तुम्ही मला ओळखता. मला कुणी किती वाजले विचारलं तर मी घड्याळ कुठून घेतलं तिथून सुरुवात करतो. 'शंभर माणसांना वरण किती लागतं?' याचं मी पहिलं उत्तर लिहिलं ते माझ्या मुंजीपासून. त्यात मुंजीला पाऊस आला, मांडव गळला, आचारी रुसून गेला आणि वरण कमी पडलं, असं सगळं ओघानं आलं होतं. दिव्यानं ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "छान आहे, पण यात डाळ कुठाय?"

मग तिनं आमच्या वेबसाइटच्या पानावर स्वतः सगळं नीट मांडलं. भात, वरण, पुऱ्या, बटाट्याची भाजी, प्रत्येकाला प्रश्न, प्रत्येकाखाली नेटकं उत्तर, आणि शेवटी तक्ता. जिलेबीचं उत्तर मात्र राहिलं होतं. तिला ऑफिसची मीटिंग लागली आणि जाताना ती म्हणाली, "तेवढं तुम्ही लिहा, पण थोडक्यात." म्हटलं, एकदा तरी पोरीला थोडक्यात लिहून दाखवू. आणि मी लिहिलं: 'शंभर माणसांना साधारण दहा किलो जिलेबी पुरते, पाहुणे टाकळढवचे असतील तर पंधरा किलो धरावी.' पुढे नेहमीप्रमाणे कारणं दिली होती (तुमच्या लग्नातली पंगत, माझ्या लग्नातली पंगत, आणि आपल्या मेहुण्याच्या, गणराजच्या बारशाची जी मी पाहिली नाही पण सासऱ्यांकडून ऐकली), ती कुणी वाचली नाहीत. पहिलं वाक्य मात्र वाचलं गेलं. थोड्याच दिवसांत दिव्या ऑफिसातून फोनवर ओरडली, "बाबा, लागली! चौकट लागली!"

आता चौकटीत काय लागलं हे तिनंही नीट पाहिलं नव्हतं आणि मीही. मी सोसायटीत पेढे वाटले. वॉचमनला मोबाइल दाखवला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "पाहुणे टाकळढवचे असतील तर..." आणि विचारलं, "काका, हे टाकळढव कुठं आलं?" तेव्हा माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. दिव्या संध्याकाळी म्हणाली, "तुम्ही आयुष्यात एकच वाक्य मुद्द्याचं लिहिलंत, आणि ते नेमकं आजीच्या गावावर!"

खरं सांगू का, तेवढ्यावर ते निभावलं असतं. टाकळढवला रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिथे उभं राहून जिलेबीचं प्रमाण कोण शोधणार? फोनही वाढले होते. (सगळेच फोन करत नाहीत हं. बरेच जण चौकट वाचतात आणि आपलं आपण तळतात. पण ज्यांना तळायचं नसतं ते करतात.) त्यातलाच एक फोन निघोज्याहून आला. बाई वयस्कर, आवाज खणखणीत.

"जिलेबीवालं का? मी छबूबाई बोलतीया. नातीचं जमतंय, पाव्हणं पयल्यांदाच घरी जेवाया येनार हायेत. तुमी त्या मोबाइलमधी टाकळढवच्या मानसांचं लिवलंय, ते खरं हाय का?"

मी सावधपणे विचारलं, का हो मावशी?

"आवं, आमचं पाव्हणं टाकळढवचंच हायेत! पोरगा चाकनला आमच्या पूनमच्या कंपनीत हाय. चांगला वाटला. पन एवढं खानारं घर आसंल तर पोरीचं कसं व्हायचं? जल्मभर भाकरीच थापत बसंल. मी तर इचारात पडलीया."

ज्योतीरामभाऊ, चाकणला नोकरी करणारा टाकळढवचा पोरगा जगात एकच, आणि तो त्या क्षणी आमच्याच बाल्कनीत बनियन वाळत घालत होता. गणराजनं आपल्या पोराला, समर्थला, कसा विश्वासानं आमच्याकडे ठेवलाय. त्याचं आणि पूनमचं जमलंय हे आम्हाला माहीत होतं, पाहुण्यांचं जेवण ठरतंय हेही माहीत होतं. पण मुलीच्या आजीचं नाव छबूबाई आहे आणि ती मोबाइल बघते हे कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरून, चौकशी करून कळवतो, असं म्हणालो. जिलेबीची ऑर्डर मात्र घेतली. (किती किलो ते विचारू नका. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, दोघंही अवघडलो होतो.)

सुमनला सांगितल्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोळपाट उभा करून ठेवला आणि म्हणाली, "त्या चौकटीतून माझं माहेर बाहेर काढा. मग जेवायला बसा." दिव्यानं त्याच मिनिटाला वाक्य काढलं. पण चौकट हलेना! दिव्या म्हणाली, आपल्या पानावरून गेलं म्हणजे तिकडून लगेच जात नाही, सर्च इंजिन पुन्हा आपल्या पानावर फिरकेल तेव्हा चौकट बदलेल. मी दर थोड्या वेळानं शोधून बघायचो आणि दर वेळी टाकळढव तिथेच, ठळक. जेवायला मला सुमननं बसवलं, पण वाढताना भांड्यांचा आवाज मोठा होता. शिवाय, "आईला यातलं कळता कामा नये," असं मला बजावून तिनं स्वतःच रात्री आईला फोन केला.

सावित्रीबाई, म्हणजे आपल्या सासूबाई, जीपनं आल्या. सोबत गणराज, त्याची बायको आणि भावकीतली जीपमध्ये मावतील तेवढी माणसं. मी पाया पडलो. त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, काय लिवलाव तुमी!" आणि निघोज्याला निघण्याआधी त्यांनी सगळ्यांना समोर बसवून हुकूम सोडला: कुणीही अर्ध्या पुरीच्या वर खायचं नाही. वाढायला आले की पानावर हात आडवा धरायचा. दुसऱ्यांदा जिलेबी मागितली त्यानं जीपमध्ये बसायचं नाही, चालत टाकळढवला यायचं. मला वेगळी आज्ञा, तोंड उघडायचं नाही. मुलीकडच्यांना आवाज ओळखू येईल.

छबूबाईंचं घर पाहिलंत तर खूश व्हाल. पुढे कंपन्यांच्या गाड्या आणि मागे अजून गोठा. अंगणात सतरंज्या, पंगत मांडलेली. अळूची भाजी, मटकीची उसळ, पुऱ्या, मसालेभात, आणि आमच्याच घरून सकाळी गेलेली जिलेबी. ती माझ्याकडे ओळखीच्या नजरेनं बघत होती असं मला वाटलं. आणि टाकळढवची मंडळी बसली ती अशी, जणू एखाद्या परीक्षेला बसलीत. अर्धी पुरी मोडायची, तिचे चार घास करायचे, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. गणराज, जो आपल्याकडे चहाबरोबर चार खारी खातो, तो एका जिलेबीकडे बघत होता आणि डोळे पुसत होता. (मसालेभात तिखट आहे, असं त्यानं सांगितलं. त्यानं तो खाल्लाच नव्हता.) छबूबाई वाढायला आल्या, हात आडवा. पुन्हा आल्या, हात आडवा. सगळ्या ओळीत हातच हात.

छबूबाईंनी परात खाली ठेवली. चेहरा उतरलेला. "काय चुकलं का आमचं? अन्न गोड लागलं न्हाई का पाव्हण्यांना?"

पूनमचा चेहरा रडवेला. समर्थ आपल्या आजीकडे बघतोय, सासूबाई पानाकडे. मला ते बघवेना. आणि तुम्हाला ठाऊक आहे, मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "तसं नाही हो मावशी, त्याचं असं झालं, माझी मुंज झाली तेव्हा..."

"आरं!" छबूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "ह्यो तर जिलेबीवाला!"

"व्हय, ह्येच," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा बांध फुटलाच. "आमचे जावई. आमच्या गावाला ह्येंनीच खादाड केलंय. म्हणून सगळ्यांला उपाशी बसवलंय मी. लेकराचं लगीन मोडू नये म्हणून."

छबूबाईंनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग त्या ओळीतल्या अर्ध्या पुऱ्यांकडे. आणि तोंडाला पदर लावून एवढं हसल्या की त्यांना ठसका लागला.

"आवं, भाकरीचं मी म्हनले खरं, पन आमच्या पूनमला कुठं थापाया येतीया? तुमचा समर्थच सैपाक करीन म्हनलाय. आमी भ्यालो ते आत्ता! अर्धी पुरी मोडून खानाऱ्या घरात पोरगी दिली तर तिला पोटभर वाढनार कोन?" आणि परात उचलून त्या सासूबाईंपुढे जाऊन बसल्याच. "ताई, हात काढा. पयली तुमी घ्या."

सासूबाईंनी हात काढला. पहिली जिलेबी घेतली, तोंडात घातली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गणराज, जेव."

पुढचं काय सांगू! परत पुऱ्या तळाव्या लागल्या. समर्थ स्वतः कढईपाशी गेला आणि पूनमच्या आईनं त्याच्या हातात झारा दिला, तेव्हाच सोयरीक पक्की झाली असं मी मानतो. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर, निघोज्यालाच. येताना जीपमध्ये सगळे एवढे खुशीत होते की मला बोलायची परवानगी मिळाली आणि सांगवी येईपर्यंत मी बोललो.

चौकट आता बदलली. काही दिवस मोशीवाला परत वर होता. मग दिव्यानं बासुंदीचं उत्तर बसवलं, साधं, सरळ, कुणाच्याही माहेराशिवाय, आणि त्याला जागा मिळाली. गणराजची मात्र तक्रार आहे की गावाचं नाव टाकलं तर पूर्वी काहीतरी यायचं, आता काहीच येत नाही. माणसाचं कसं समाधान करावं, सांगा. एकूण बरं चाललंय. सुमन बोलते, पोळपाट आडवा आहे, ऑर्डरी आहेत. कळावे, लोभ आहेच, तो अक्कांच्या समोरही असू द्यावा.

तुमचा साडू,
उद्धव

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. सासूबाई जीपबरोबर परत गेल्या नाहीत. इथेच आहेत. सकाळी दिव्याला भाकरी शिकवतात, दुपारी छबूबाईंशी फोनवर बोलतात, आणि संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात आणि मी चुकीच्या पायाने लंगडतो असं सांगतात. तुम्ही थोरले जावई. त्यांना आग्रहानं लातूरला बोलावून घ्यावं ही विनंती. अक्कांना आईची फार आठवण येते असं कळवलंत तरी चालेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच सासूबाईंनी सांगितलं की त्या आठ-दहा दिवसांत स्वतःहूनच तुमच्याकडे यायला निघताहेत. सुमननं पोळपाट पुन्हा उभा केला, दिव्यानं जेवण टाकलं, आणि माझं म्हणाल तर फिरायला एकट्यानं जायचं या कल्पनेनंच गुडघा दुखायला लागला. तरी वरचा ता. क. वाचू नये. वाचलाच असेल तर तुमच्या घरात कांजिण्यांची साथ आहे, असं पत्र मिळताच, थोडक्यात, सासूबाईंना फोन करून कळवावं.