पावसासाठी राखलेले टायर

शिवरे,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय शिवानी,

काल तुझा फोन आला. टायरमधून काढलेली तुझी पावडर पास झाली, चेन्नईच्या लोकांनी तिची बॅटरी बनवून कितीतरी वेळा भरली, उतरवली, तरी ती दमली नाही, असं तू एका दमात सांगितलंस आणि मी "बरं झालं" म्हणून फोन तुझ्या मामीच्या हातात दिला. तेव्हापासून मंगल माझ्याशी धड बोललेली नाही. "पोरगी चेन्नईत जाऊन येवढं करती आन् तुमी आपलं बरं झालं! पंक्चर काढलंय व्हय तिनं?" असं म्हणाली आणि आमटीत मीठ घालायला विसरली. विसरली असं ती म्हणते. खरं सांगू, मला त्या वेळी बोलताच आलं नसतं. दुकानात दोन ट्रकवाले उभे होते. शिवाय फोनवर तुझ्याशी मनातलं काही बोलायचं म्हणजे अवघड, तुझ्या मागं कायम काहीतरी घरघरत असतं. त्यात परवा तुझे वडील येऊन गेले. काम झाल्यावर या वेळी तरी पोरगी गावाला येईल का, असं विचारत होते. मग मी कागदच घेतला. अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस, या हाताला पाना धरायची सवय आहे.

माझा उभा जन्म शिवऱ्याच्या नाक्यावर टायर काढण्यात आणि घालण्यात गेला, पण घासून संपलेल्या टायरचं पुढं काय होतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडायचं काय? दुकानामागं ढीग होता. कुणी गुरांच्या गव्हाणीला न्यायचं, कुणी पत्र्यावर वजन म्हणून. उरलेले तिथंच पाणी साठवून डास वाढवायचे. त्या ढिगावर बसून तू अभ्यास करायचीस. एकदा म्हणालीस, मामा, यात कोळसा असतो, तो बाहेर काढता येईल. मी म्हटलं, आधी बारावी हो. मग तू एम.एस्सी. झालीस, सारोळ्याकडच्या कारखान्यात लागलीस, तिथली भट्टी तुझ्याच हाती आली आणि एक दिवस मला मशीन दाखवायला नेलंस. टायरचे तुकडे करायचे, तारा वेगळ्या काढायच्या आणि बंद भांड्यात हवा लागू न देता ते शिजवायचे. तेल एकीकडे निघतं, गॅस एकीकडे, तोच गॅस परत भट्टीखाली जळतो आणि तळाला काळी भुकटी राहते. इथपर्यंत बाकीचेही करतात, तू म्हणालीस. ती भुकटी धुऊन, राख आणि गंधक काढून, पुन्हा कडक आचेवर तापवून विजेच्या गाडीच्या बॅटरीत चालेल इतकी शुद्ध करायची, हे खरं काम. टायरवर गाडी चालते हे मला ठाऊक होतं. तोच टायर गाडीच्या पोटात जाऊन तिला पळवणार, हे काही केल्या डोक्यात शिरेना. मी नुसती मान हलवली. मला काही कळलेलं नाही हे तुला कळलं असणार, पण तू तसं दाखवलं नाहीस. हा स्वभाव तुझ्या आईचा.

पण मी तुला मनातून सलाम केला तो कुरडयांच्या दिवशी. तुझ्या भट्टीला तिथल्या गावानं किती विरोध केला होता, आठवतंय ना? लांब कुठंतरी कुणी उघड्यावर टायर भाजायचा धंदा काढला होता. तिथल्या उसाच्या पानांवर बसलेली काजळी लोकांनी जाऊन पाहिली होती, त्यामुळं ग्रामसभेत तुझं कुणी ऐकूनच घेईना. तू कागद, आकडे, मोजमापं घेऊन उभी, आणि अक्काबाई उठून म्हणाली, "तुजे आकडे मला न्हाई कळत बाई. मला माज्या कुरडया कळत्यात." ती बाई म्हणजे काय प्रकरण आहे हे तुला सांगायला नको. उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या कुरडया तिच्या देखरेखीखाली होतात, आणि कुरडई पांढरीशुभ्र नसेल तर भर लग्नात रुखवतातून उचलून बाजूला ठेवते. दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. तू म्हणालीस, मग आजी, आमच्या अंगणातच घाला कुरडया, धुराड्याच्या अगदी पायथ्याशी. मी भट्टी चालू ठेवते. एक जरी काळी पडली तरी कारखान्याला कुलूप मीच लावीन. तुझी इतक्या वर्षांची मेहनत त्या गव्हाच्या चिकावर येऊन बसली होती.

बायकांनी चीक शिजवला, जुनी पातळं अंथरली, सोऱ्यानं कुरडया घातल्या आणि सगळं गाव राखणीला बसलं. वाळेपर्यंत अक्काबाई जागची हलली नाही. तू भट्टी आणि कुरडया यांच्यात येरझाऱ्या घालत होतीस. तोंडावर हसू होतं, पण ओढणीचं टोक पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. मग कुणीतरी ओरडलं, ठिपका! सगळे धावले. अक्काबाईनं चष्मा सावरला, खाली वाकली, आणि ठिपका चालायला लागला. मुंगळा होता. तिनं एक कुरडई मोडून तोंडात टाकली, सावकाश चावली आणि गावाकडं वळून म्हणाली, "चालू द्या पोरीचं." हल्ली ती ही गोष्ट सांगते तेव्हा कुरडयांची संख्या दरवेळी वाढते आणि तो मुंगळा तिनं लांबूनच ओळखलेला असतो.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. पावडर तपासून घ्यायला तू चेन्नईला गेलीस, त्यानंतर शिमगा झाल्यावर मी टेम्पोत टायर भरून कारखान्यावर टाकायला गेलो. अंगणाच्या कोपऱ्यात काही टायर रचून ठेवलेले दिसले, वर ताडपत्री. ट्रकचे होते, जाडजूड. मी कटिंगवरच्या अभिषेकला विचारलं, हे का राहिले? तो म्हणाला, "ते न्हाई कापायचे, मामा. म्याडमनी राखून ठेवल्यात. पावसाळ्यात वेल्ह्याकडनं कुणी मयतासाठी मागाय आलं तर रिकाम्या हातानं जायला नको, म्हनल्या." मी ताडपत्रीचं टोक हातात धरून तसाच उभा राहिलो.

वेल्ह्याच्या आतल्या गावांचा पाऊस तुला मी काय सांगू! आषाढात तिथं कोरडं लाकूड मिळत नाही. चिता पेटत नाही, पेटली तर विझते. म्हणून माणसं वर्षानुवर्षं माझ्या दुकानात यायची आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी चितेत घालायला टायर काढून द्यायचो. तिथल्याच तुमच्या गावात तुझी आई गेली तेव्हाही पाऊस तसाच होता. टायर मीच नेले. माझ्या धाकट्या बहिणीसाठी मी माझ्या हातानं ते रचले. त्या पावसात दुसरा इलाज नव्हता, आज विचार केला तरी दिसत नाही. काळा धूर खाली वाकून ओढ्यावरून गावाकडं आला. बायकापोरी स्मशानात येत नाहीत, पण तू खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ओढ्याच्या अलीकडं उभी होतीस. एवढीशी. मी तुला पाहिलं. तू त्या धुराकडं बघत होतीस.

तेराव्यानंतर मी तुला शाळेसाठी शिवऱ्याला आणलं. त्या दिवसाबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मला वाटायचं, लहान होती, विसरली असेल. पण गावी जायचा विषय निघाला की तुझी परीक्षा असायची, आणि नोकरी लागल्यावर भट्टी सोडता यायची नाही. सोनबा दाजीच बाजाराच्या दिवशी एसटीनं तुला भेटायला यायचे. परत जाताना तू त्यांना वेल्ह्याकडं वळणाऱ्या चेलाडी फाट्यापर्यंत सोडायचीस, पुढं एक पाऊल नाही. बाप एकटाच जायचा.

त्या ताडपत्रीपाशी मला सगळं एकदम उलगडलं. तो धूर तू रोज डोळ्यांसमोर घेऊन जगलीस. कुणाच्या वाट्याला तो येऊ नये म्हणून एवढं सगळं उभं केलंस, आणि तरीही कुणाचं माणूस पावसात अर्धवट राहू नये म्हणून त्याच धुराची सोयही स्वतःच्या हातानं करून ठेवलीस. शिवानी, यंत्रं चालवणारे, पावडरी बनवणारे जगात पुष्कळ असतील. पण एवढं मोठं मन मी कुणाचं पाहिलेलं नाही. मी तुझ्या जागी असतो तर रागानं पहिले तेच टायर कापले असते. मला तुझा फार अभिमान वाटतो, पोरी. हे तोंडावर सांगता आलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी मी दाजींना जाऊन गाठलं. देवळात बैठक बसली. स्मशानात पत्र्याची शेड घालायची, शेजारी लाकडांची बंद खोली बांधायची आणि पाऊस लागायच्या आधी घरटी एक मोळी वाळकी लाकडं आणून टाकायची, एवढंच माझं म्हणणं. नेहमीप्रमाणं फाटे फुटले. जागा कुणाची, पत्रा वाऱ्यानं उडेल, आजवर काय अडलंय का. तेवढ्यात चारचौघांत कधी तोंड न उघडणारे आपले दाजी उठले आणि म्हणाले, "माजी लेक गावाला येत न्हाई. का येत न्हाई ते तिनं कधी सांगितलं न्हाई. पर मला म्हाईत हाय." वैशाखात माणसं खांब रोवायला लागली. तुला कळवायचं नाही असं दाजींनीच बजावलं होतं. काम होतंय की नाही हे दिसल्याशिवाय त्यांना तुला आशा लावायची नव्हती.

आषाढात, पाऊस आडवा लागला असताना, तुमच्या शेजारची ठकुबाई गेली. मी गेलो, टायर न घेता. खोटं कशाला बोलू, निघताना टेम्पोत टाकावेत का असं मनात आलंच. शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. लाकडं लगेच नाही पेटली, पण पेटली, आणि पेटत राहिली. धूर पांढरा होता. पावसातून वर गेला आणि विरला. ओढ्याच्या अलीकडं बायका उभ्या होत्या, त्यांच्या पायाशी पोरी होत्या, आणि कुणी तोंडाला पदर लावला नव्हता. दाजी किती तरी वेळ त्या पोरींकडं बघत राहिले. मग डोळे पुसून मला म्हणाले, "आनंदराव, आता लेकीला लिवा. म्हनावं, घरला ये." तुझं काम पार पडेपर्यंत मी थांबलो होतो. ते काल पार पडलं, म्हणून आज लिहिलं.

तुझाच,
आनंदामामा