बिनस्ट्रायकरचं भरीत

सावदा,
१० डिसेंबर

आदरणीय चिंधा नाना यांना धाकटा मावसभाऊ योगराज याचा, कमरेला पट्टा बांधलेला असल्यामुळे शरीराने अर्धा पण मनाने पुरता वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? साखर काय म्हणते? वहिनींनी घरातला चहा बिनसाखरेचा केला असं कळलं, आणि तुम्ही जळालेल्या पंपांच्या मोटारी भरायच्या तुमच्या दुकानात बसून समोरच्या टपरीवरून गोड चहा मागवता असंही कळलं. (पहिली बातमी वहिनींकडून, दुसरी आमचा शेतशेजारी भटू याच्याकडून. हे पत्र घेऊन तोच तुमच्याकडे धुळ्याला आला आहे, तेव्हा त्याला स्वयंपाकघराच्या दिशेने फार बोलू देऊ नका.) सोबत केळीच्या दोन फण्या पाठवल्या आहेत. एक पिकलेली, एक कच्ची. पिकलेली तुम्ही खाऊ नये. पत्र संपेपर्यंत भटूने उठायचं नाही असं त्याला बजावलं आहे, त्यामुळे त्याला चहा द्या आणि पत्र भराभर वाचा, कारण तो तिसऱ्या कपानंतर बोलायला लागतो.

फोन का केला नाही, असं विचाराल. गेल्या अकरा महिन्यांत मी सात वेळा फोन लावला. (सुनंदाच्या मते दोनदाच. पण तिच्यासमोर लावलेले तेवढेच ती धरते.) तुम्ही उचलला नाहीत. मला राग आलेला नाही. मी आता निवृत्त माणूस आहे, आणि निवृत्तीनंतर माणसाला गोष्टींकडे लांबून बघता येतं.

पत्राचं कारण तसं काही नाही. फक्त एक माहिती कळवायची आहे. आमच्या मोनालीचं लग्न ठरलं. मुलगा फैजपूरचा, शिकलेला, दिसायला बरा, बोलायला कमी. येत्या २१ तारखेला, रविवारी, त्यांची पस्तीस माणसं आपल्या मळ्यात भरीत खायला येणार आहेत. मुलाचे वडील म्हणाले, तुमच्या मळ्यातल्या भरिताचं नाव आम्ही रावेरपर्यंत ऐकलं आहे, तर साखरपुड्याआधी एकदा ते होऊन जाऊ द्या. हे आमंत्रण नाही, नुसती माहिती आहे. तयारी पूर्ण झाली आहे आणि तुमच्यावाचून काहीही अडलेलं नाही, हे तुमच्या मनावर ओझं राहू नये म्हणून लिहितो. अडलेलं का नाही, ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात शास्त्र आहे.

जूनमध्ये मी वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालो. पहिला महिना मी घरात फिरून सुनंदाला सल्ले दिले. दुसऱ्या महिन्यात तिने नीलेशला पुण्याला फोन करून सांगितलं की तुझ्या बापाला काहीतरी काम लाव, हे माणूस कढईवरची झाकणं उचलून बघतं. नीलेश आला आणि त्याचा जुना लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून गेला. त्यात एक खेळ आहे, फुटबॉलच्या मॅनेजरकीचा. यात आपण चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ निवडायचा, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं, आणि मग ते बावीस ठिपके हिरव्या पडद्यावर पळताना बघत बसायचं. म्हणजे मी फॅक्टरीत बत्तीस वर्षं जे केलं तेच. मला तो पहिल्याच दिवशी जमला.

मी विलायतेतला अगदी तळच्या विभागातला एक संघ घेतला. त्या खेळाडूंची नावं जिभेवर बसेनात, म्हणून नीलेशने ती बदलायची युक्ती शिकवली. संघाचं नाव सावदा स्पोर्टिंग. गोलकीपर सुनंदा, कारण तिच्या हातून आजवर काही सुटलेलं नाही. बचावाला भटू, जागचा हलत नाही म्हणून. मधल्या फळीत मोनाली आणि नीलेश. (बायका पुरुषांच्या संघात कशा, असं तुम्ही विचाराल. लॅपटॉपला काही फरक पडत नाही, आणि सुनंदा गोलात उभी राहिल्यापासून समोरचे लांबूनच बॉल मारतात.) आणि सर्वांत पुढे, समोरच्यांच्या गोलापाशी, एकटा उभा राहणारा स्ट्रायकर. त्याचं नाव मी चिंधा नाना ठेवलं. त्यात मी फार विचार केला नव्हता. त्याचा स्वभाव वाचला आणि हात आपोआप चालला.

आता हा स्ट्रायकर म्हणजे काय प्रकार असतो ते ऐका. बाकीचे दहा जण नव्वद मिनिटं घाम गाळतात, चेंडू अडवतात, पुढे नेतात, आणि हा तिथे पुढे कमरेवर हात ठेवून उभा. मागे येणार नाही, मदत करणार नाही. चेंडू पायाशी आला की एक टोला मारायचा, आणि पेपरात नाव याचं. मी हे पाहिलं आणि मला गेल्या जानेवारीतली भरीत पार्टी आठवली. वांगी भटूने भाजली, साली आम्ही सोलल्या, बोटं आमची पोळली, कांद्याची पात मोनालीने चिरली, आणि तुम्ही शेवटी आलात, सगळ्यांना चुलीपासून बाजूला केलंत, लाकडी बडगीत मुसळीने वांगी कुटलीत, तुमचा तो लांब दांड्याचा सराटा घेऊन फोडणी फिरवलीत, चिमटीने मीठ टाकलंत, आणि सत्तर माणसं म्हणाली, नानांच्या हाताला चव आहे. तेव्हा मी जे बोललो ते सर्वांदेखत बोललो, हे मला मान्य आहे. नानांचं काम पाच मिनिटांचं आणि नाव वर्षभराचं, असं मी म्हणालो. लोक हसले. तुम्ही सराटा खाली ठेवलात, हात धुतलेत, पिशवी उचललीत आणि म्हणालात, "बठ्ठं तुम्हीच करा. मी आते येवाव नही." आणि न जेवता धुळ्याच्या गाडीला निघून गेलात. आम्ही सगळे जेवलो. (मी कमी जेवलो.)

तर, ऑगस्टमध्ये मी सावदा स्पोर्टिंगच्या चिंधा नानांना बेंचवर बसवलं आणि त्यांच्या जागी कोणालाही घेतलं नाही. चार माणसं मागे, सहा मध्ये, पुढे शून्य. नीलेशने फोनवर विचारलं की बाबा, मग गोल कोण करणार? मी त्याला समजावलं की जो रिकामा असेल तो. समोरच्या बचावाला धरायला माणूसच सापडत नाही, ते आपल्याच गोलापाशी एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात, आणि आपली माणसं मागून लाटेसारखी येतात. हे मोठमोठ्या मॅनेजरांनी केलेलं आहे. परिणाम विचाराल तर सलग अकरा सामन्यांत एकही हार नाही. सत्तर टक्के वेळ चेंडू आपल्याच पायाशी. एकूण पाच हजारांवर पास. असं सुरेख चालतं की मी दुपारची झोप सोडली.

एकच त्रास होता. या खेळात बेंचवरचा माणूस गप्प बसत नाही. दर आठवड्याला निरोप यायचा की चिंधा नाना नाराज आहेत, त्यांना मॅनेजरशी बोलायचं आहे. मग पडद्यावर तयार उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. मी प्रत्येक वेळी "संघात कोण खेळणार ते मी ठरवतो" हे निवडलं. पाचव्या वेळेनंतर तुम्ही बोलायलाच आला नाहीत. नावापुढे एक लाल चेहरा दिसायचा, ओठ उलटे केलेला, रोज. मी तो भाग कागदाची पट्टी लावून झाकला. (सुनंदाने विचारलं की लॅपटॉपला पट्टी कायले लावली. मी सांगितलं की उजेड डोळ्यांत येतो.)

पडद्यावर सिद्ध झालेली गोष्ट मळ्यातही करून बघावी, म्हणून गेल्या रविवारी आम्ही सराव सामना ठेवला. बारा किलो वांगी, बामणोदची, हिरवी, लांब, चमकदार. घरचीच दहा-पंधरा माणसं. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सर्वांना पद्धत समजावली की फोडणीला ठरलेला माणूस कोणी नाही, ज्याला जागा मिळेल त्याने पुढे यायचं. सुरुवात अप्रतिम झाली. भटूने कपाशीच्या काड्यांवर वांगी अशी भाजली की वास सावदा बसस्टँडपर्यंत गेला असेल. नीलेश पुण्याहून आला होता, त्याने साली काढल्या. मोनालीने पात चिरली. सुनंदा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापत होती. एवढं देखणं काम मी फॅक्टरीतही पाहिलेलं नाही.

मग बडगीपाशी चेंडू फिरायला लागला. भटूने मुसळी नीलेशला दिली, नीलेशने मोनालीला, मोनाली म्हणाली आधी मिरच्या ठेचून घ्या आणि तिने ती पुन्हा भटूला दिली. असा सुंदर खेळ बराच वेळ चालला. तेवढ्यात वांगी गार झाली. चुलीवर तेल तापलं, धुरायला लागलं, लसूण टाकायचा कोणी यावर एकमत होईपर्यंत काळं पडलं. ते फेकून दुसरं ठेवलं. तुमचा सराटा खुंटीवर होता, पण त्याला कोणी हात लावेना, म्हणून आम्ही आमटीच्या पळीने ढवळलं, आणि पळी लहान असल्यामुळे भटूची मनगटं भाजली. शेवटी केळीची पानं मांडली, भरीत वाढलं, सगळ्यांनी पहिला घास घेतला, आणि सगळ्यांचे हात एकदम दह्याकडे गेले. सुनंदाने विचारलं, "मीठ कोनं टाकलं?" भटू म्हणाला, "मले वाटलं योगराजभाऊनं टाकलं." मी मॅनेजर आहे, मी कशाला हात लावणार?

तरी जेवण उत्तम झालं. (दही छान लागलं होतं. मुळाही गोड होता.) चुका किरकोळ आहेत, त्या मी वहीत टिपून घेतल्या आहेत, आणि २१ तारखेपर्यंत पद्धत पक्की बसेल याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तेव्हा तुम्ही काळजी करू नये. गुडघ्याला शेक द्यावा, दुकानातला चहा कमी करावा, वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा आज्ञाधारक,
योगराज

ता. क. वर मी अकरा सामन्यांत एकही हार नाही असं लिहिलं. ते खरंच आहे. पण त्यातले नऊ शून्य-शून्य सुटले, आणि दोन जे जिंकलो ते समोरच्यांनी चुकून स्वतःच्याच गोलात मारले. हे नीलेशला माहीत आहे, आणि तो कधी ना कधी तुम्हाला सांगेल, म्हणून मीच लिहितो.

ता. क. २. रविवारी सगळे गेल्यावर मोनाली मळ्यात बडगी घासत बसली होती. मी म्हणालो की राहू दे, सकाळी बाई घासेल. तिने मान वर केली नाही. म्हणाली, बाबा, मला सायकल नानांनी शिकवली. बारावीला मी नापास झाले तेव्हा तुम्ही आठ दिवस बोलला नाहीत, नाना धुळ्याहून आले आणि मला भरीत करून खाऊ घातलं. माझ्या सासरची माणसं पानावर बसतील आणि नाना नसतील, तर मी काय तोंडाने वाढू? नाना, मी तिच्या शेजारी बसलो आणि मुसळी घासायला घेतली.

ता. क. ३. हे शेवटचं. काल दुपारी सावदा स्पोर्टिंगचा मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकलो तर वरच्या विभागात, नाहीतर तिथेच. अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली, शून्य-शून्य, सत्तर टक्के चेंडू आपल्याकडे, आणि गोलापाशी कोणीही नाही. मी पट्टी काढली. लाल चेहरा तसाच होता. मी तुम्हाला मैदानात पाठवलं. तेव्हा तो खेळ विचारतो की आत जाणाऱ्या खेळाडूला काय सांगाल, आणि चार उत्तरं देतो. "माझा तुझ्यावर विश्वास आहे." "स्वतःला सिद्ध कर." "दडपण घेऊ नकोस." "काही बोलू नका." मी चारही दोनदा वाचली. नीलेशला फोन लावून विचारलं की बाबा रे, यात "माझं चुकलं" कुठे आहे? तो म्हणाला, तसं उत्तर या खेळात नाहीच.

म्हणून हे पत्र. माझं चुकलं, नाना. पाच मिनिटांचं काम, असं मी बोलून गेलो, आणि ती पाच मिनिटं बारा माणसांना मिळून जमली नाहीत.

गोल तुम्ही केलात. पहिल्याच टोल्याला. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की सुनंदा पिठाच्या हातांनी बाहेर आली. मी म्हणालो, नानांनी मारला. तिने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मंग आता तरी कागद लिहा त्याहिले."

२१ तारखेला वांगी सकाळी आठ वाजता विस्तवावर जातील. भटू तुमच्यासमोर बसला आहे, त्याच्याबरोबर निघालात तर आजच पोचाल, दहा-अकरा दिवस आधी, आणि मला ते चालेल. सराटा घासून ठेवला आहे. येताना काही आणू नका. मीठ घरात भरपूर आहे, फक्त ते टाकणारा माणूस धुळ्याला आहे.