छतातून उतरलेलं ऊन

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही बनवून पाठवलेल्या, ऊन खाली आणणाऱ्या तिन्ही नळ्या पोचल्या आणि मत्स्यालयाच्या छतात बसल्यासुद्धा. वर पारदर्शक घुमट, खाली माझ्या प्रवाळांच्या टाक्या, मधे तुमचा आरशासारखा पत्रा. इतकी वर्षं मी बटण दाबलं की इथे सकाळ व्हायची. आता गच्चीवरचं ऊन दोन मजले उतरून पाण्यात येतं. बाहेर ढग आला की टाकीतही सावली सरकते. मी काम सोडून बघत राहते.

तुम्ही बजावल्याप्रमाणे नळीच्या आत कुणाला बोटसुद्धा लावू दिलेलं नाही. लहानपणी तुमच्या चकचकीत पत्र्यावर ठसे उमटवून खाल्लेला धपाटा अजून लक्षात आहे.

उजेड छान निळसर येतो, अगदी खोल समुद्रातल्यासारखा. पण प्रवाळं खूश नाहीत, बाबा. दहा दिवसांत रंग उतरून सगळी तपकिरी पडली आहेत. त्यांतली थोरली, बोटभर तुकड्यापासून मी चौदा वर्षं वाढवलेली, तिने आपली हजारो इवली तोंडं मिटून घेतली आहेत. जुने दिवे तर निकामी झालेत. पंचवीस तारखेपर्यंत फरक पडला नाही तर सगळी प्रवाळं दुसऱ्या मत्स्यालयात पाठवायची, असं साहेबांनी सांगितलंय. मला काही सुचत नाही.

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, रागावणं थोडं कमी करा.

तुमची,
ठकू

८ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी ताट बाजूला सारलं. हात थरथरायला लागल्यावर हट्टाने केलेलं हे माझं शेवटचं काम, आणि त्यानेच तुझ्या लेकरांच्या जिवावर उठावं!

माझा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नव्हता, म्हणून तुझी आई पत्र वाचून दाखवत होती. निळसर या शब्दापाशी मी तिला थांबवलं. अगं, या पत्र्यावरून ऊन पांढरंच यायला हवं, निळं येईल कुठून? मग मीच कपाळावर हात मारून घेतला. चरे पडू नयेत म्हणून या पत्र्याला आतून निळ्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. नळी बसली की तो ओढून काढायचा, नाहीतर तो निम्मं ऊन गिळतो. कारखान्यात हे कुणाला सांगावं लागत नसे, म्हणून तुला सांगायचं राहिलं. उलट आत हात लावू नकोस असा दम भरला. आणि तू आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस, तेही नको तिथे!

प्रत्येक नळीच्या खालच्या कड्याला तीन स्क्रू आहेत. ते सोडव, पापुद्र्याचं टोक धर आणि सावकाश ओढ. चूक सर्वस्वी माझी आहे, साहेबांना तसं स्पष्ट सांग. माझ्याने इथे स्वस्थ बसवत नाही, लगेच कळव.

तुझे,
बाबा

२६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

पापुद्रा निघाला! शेवटचा तुकडा सुटला आणि पाण्यात असं ऊन पडलं की मी शिडी दोन्ही हातांनी धरली. तळाच्या वाळूवर उजेडाची जाळी हलत होती. बाबा, मला रडूच आलं.

पण लगेच मी नळीखाली पांढरं कापड चार पदरी ताणलं. मंद उजेडाला सरावलेल्या प्रवाळांना एकदम ऊन दिलं तर ती पोळून पांढरी पडतात. दर तीन दिवसांनी एक पदर काढत गेले. मुदत जवळ येत होती, हात शिवशिवत होते, तरी घाई केली नाही. तेवीस तारखेला शेवटचा पदर काढला. चोवीसच्या सकाळी ऊन तिरपं आत शिरलं आणि थोरली एका कडेपासून उघडत गेली. तिचा मूळचा जांभळा रंग आता कडांना परत दिसू लागलाय.

काल साहेब आले. एरवी तक्रारीशिवाय तोंड न उघडणारा माणूस, पण टाकीच्या काचेला नाक लावून वाकले. मग प्रवाळं इथेच राहतील म्हणाले, आणि नळ्या कुणी केल्या ते विचारलं. तुमची चूक मी सांगितली, आणि तुमचं कौतुकही. येणारे लोक आधी टाकी बघतात, मग हा उजेड कुठून येतो म्हणून माना वर करून तुमच्या नळ्यांकडे बघत राहतात.

दोघांनी तब्येत जपा आणि माझ्यावर अशीच माया ठेवा.

तुमची,
ठकू

३० मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

लोक वर बघतात, ही ओळ तुझ्या आईने मला तीनदा वाचून दाखवली. चौथ्यांदा तिलाच वाचता येईना.

चाळीस वर्षं मी इमारतींत हवेच्या नळ्या बसवल्या. काम संपलं की खालून छत लागायचं आणि सगळं झाकलं जायचं. त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

रविवारी पहिल्या गाडीने आम्ही दोघं येतोय. ऊन डोक्यावर आलं की मला टाकीपाशी एका कडेला उभं कर. मी कोण ते कुणाला सांगू नकोस. मला नुसतं लोकांना वर बघताना बघायचंय.

तुझे,
बाबा